दाराच्या पोटात वऱ्हाड

मे महिन्यात अकोल्याच्या बाजार समितीत दुपारभर उन्हात उभ्या असलेल्या पिकअपच्या दाराला कोणी उघड्या हातानं शिवत नाही. ड्रायव्हर गळ्यातला दुपट्टा हाताला गुंडाळतो, मग कडी ओढतो. आत बसून काच खाली घ्यायला दांडी फिरवावी तर कधी दांडी फिरते आणि काच जागची हलत नाही, कधी दांडीच हातात येते. पारा ४५च्या पुढे सरकला की इथली माणसं सावली धरून बसतात. प्लॅस्टिकला ती सोय नाही. ते वर्षानुवर्षं सोसतं, पांढुरकं पडतं आणि एक दिवस तडकतं.

आमच्या घरच्या पिकअपनं आंबिया बहाराची संत्री वाहिली, मृगाची वाहिली, कापूस वाहिला, लग्नाची भांडी वाहिली, शेगावच्या वारीची माणसंही वाहिली. (हे शेवटचं कायद्यात बसत नाही, आणि अख्खं वऱ्हाड ते करतं.) अशी गाडी बिघडते तीही ऐन हंगामात, गॅरेजसमोर रांग असताना. तेव्हा दाराचं पॅड काढणं आणि बॅटरीची टर्मिनलं साफ करणं ही दोन कामं घरच्या अंगणात येणं बरं. पैसे वाचतात, पण मला ते काम आवडतं ते दुसऱ्याच कारणासाठी. दार उघडलं की आत आपला मुलूख दिसतो.

हत्यारं फार लागत नाहीत. फुलीचा पेचकस, एखादी सपाट पट्टी, सुती फडकं. स्क्रू दिसतील तिथं नसतात. हात टेकायच्या खोबणीत, कडीच्या वाटीत, छोट्या झाकणाखाली दडवलेले असतात. जुन्या गाड्यांत काचेच्या दांडीमागे तारेची एक नालेसारखी क्लिप असते. ती पेचकसानं उचकटायला जाऊ नये. दांडी आणि पॅड यांच्या फटीत फडकं घालावं, दोन्ही टोकं धरून मागेपुढे घासावं. फडक्याचा धागा क्लिपच्या टोकाला अडकतो आणि ती टणकन उडते. म्हणून आधी खाली पोतं अंथरावं. अंगणातल्या मातीत हरवलेली क्लिप सापडत नसते. मग राहतात पॅडच्या कडेनं दाबून बसवलेली बटणं. पट्टी थेट बटणाच्या बुडाशी न्यावी आणि एकेक उचलावं. पॅड धरून ओढलं तर बटण तिथंच राहतं आणि मागचा पुठ्ठा फाटतो. हे काम गारठ्यात, पहाटेच्या घाईत करू नये. प्लॅस्टिक थोडं कोवळ्या उन्हात बसलं की मऊ पडतं. वऱ्हाडच्या उन्हाचा गाडीला झालाच तर एवढाच उपयोग.

पॅड निघालं की प्लॅस्टिकचा एक कागद लागतो, काळ्या चिकट पट्टीनं पत्र्याला डकवलेला. तो फाडायचा नाही, हलक्या हातानं सोडवायचा. त्याच्यामागे दाराचं पोट. दोन पत्र्यांमधली ती अरुंद, अंधारी जागा पहिल्यांदा पाहणाऱ्याला बिघडलेलं यंत्र लवकर दिसत नाही. आधी दिसतो तो तळाशी साचलेला गाळ. काळ्या मातीची पापडी, तिच्यात रुतलेली कापसाची रुई, एखाददुसरी सरकी, संत्र्याच्या पानांचा चुरा, तुरीचं भुसकट. चांदूर बाजारच्या मळ्यापासून अकोटच्या जिनिंगपर्यंत गाडी जिथं जिथं उभी राहिली तिथलं थोडं थोडं काचेच्या फटीतून आत उतरलेलं असतं.

याच फटीतून पावसाचं पाणीही आत जातं, आणि ते जाणारच असतं. पुष्कळांना वाटतं की काचेची रबरी पट्टी पाणी अडवते. ती काही अडवते, उरलेलं काचेवरून ओघळून दारात उतरतं. बनवणाऱ्यानं ते गृहीत धरलेलं असतं. दाराच्या अगदी खालच्या काठाला लांबट भोकं ठेवलेली असतात, पाणी तिथून रस्त्यावर सांडतं. पण आपली कपाशीची जमीन ओली झाली की फुगते. धुळीच्या रूपानं आत गेलेली ती माती पहिल्या पावसात भिजते, फुगते आणि भोकं बुजवून टाकते. मग एखाद्या वळणावर दारातून पाणी डचमळल्याचा आवाज येतो. मालक म्हणतो, टाकीतलं डिझेल असेल. ते दारातलं पाणी असतं, आणि पत्रा आतून गंजायला लागलेला असतो. बाहेरच्या रंगाला फोड येईपर्यंत आतला पत्रा गेलेला असतो. गंजाची ही तक्रार दर्यापूर, भातकुली, तेल्हारा इकडच्या गाड्यांना जास्त नडावी यात नवल नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारट, त्याच पाण्यानं गाडी धुतली जाते. तारेचा तुकडा घेऊन ती भोकं मोकळी करणं हे दाराच्या दुरुस्तीतलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचं काम आहे. माझं मत विचाराल तर तुटलेल्या दांडीचे आभारच मानावेत. तिच्यामुळे दार उघडलं गेलं.

काच वरखाली करणाऱ्या मशीनचं दुखणं बहुधा साधं निघतं. तिचे रूळ ज्या पन्हळीतून सरकतात तिथलं ग्रीस सुकून धुळीशी घट्ट झालेलं असतं. ते पुसावं, नवं लावावं, काच हातानं वर-खाली करून पाहावी. परत बसवताना मात्र तो प्लॅस्टिकचा कागद विसरू नये. पुष्कळ गाड्यांत तो मागच्या कुठल्यातरी दुरुस्तीत फाडून फेकलेला असतो, आणि आषाढात पाय ओले का होतात म्हणून मालक छताला बोट लावून पाहत बसतो. दारातलं पाणी दारातच ठेवणं हे त्या कागदाचं काम.

बॅटरीकडे येऊ. सेल्फ मारला की नुसतं ‘टक’ होतं आणि लोक थेट नवी बॅटरी आणायला निघतात. बडनेरा रोडवरचे आमचे मिस्त्री अशा वेळी आधी हेडलाइट लावायला सांगतात. लाइट लावून सेल्फ मारताना तो एकदम विझला तर संशय टर्मिनलवर; हळूहळू मंदावला तर बॅटरीवर. बॉनेट उघडल्यावर बहुतेक वेळा टर्मिनलवर पांढरा-हिरवा-निळसर भुसभुशीत थर दिसतो. गॅरेजात त्याला कार्बन म्हणतात, पण कार्बन त्यात औषधालाही नसतो. बॅटरीतल्या गंधकाम्लाची वाफ बाहेर येते, शिशाला आणि तांब्याला लागते, त्यांची सल्फेटं तयार होतात. डिझेल इंजिनाचा सेल्फ क्षणभर शेकडो अँपियर ओढतो. त्या वाटेत हा थर आडवा आला की बॅटरी भरलेली असूनही गाडी मुकी.

मिस्त्रींचं पहिलं वाक्य ठरलेलं. “पाह्य भाऊ, काहाडतानी मायनस पयले, लावतानी मायनस मांगून.” कारण विचारलं तर पाना हातात देऊन दाखवतात. गाडीचा सगळा पत्रा मायनसला जोडलेला असतो. प्लस सोडवताना पाना चुकून पत्र्याला टेकला तर लखकन ठिणगी पडते. मायनस आधीच सुटलेला असेल तर टेकूनही काही होत नाही. बॅटरीवर हायड्रोजन साचलेला असू शकतो, म्हणून ही ठिणगी साधी समजायची नाही. बिडी विझवायची, अंगठी आणि कडं काढून ठेवायचं. मग गरम पाण्यात खायचा सोडा. टोपणं घट्ट लावलेली हवीत, सोड्याचं पाणी आत जाता कामा नये. थर फसफसून विरघळतो, साध्या पाण्यानं धुवायचं, कोरडं करायचं, शिसं चमकेपर्यंत घासायचं. घट्ट बसवून वरून व्हॅसलीन. क्लॅम्प सैल झाला असेल तर लोक फटीत खिळा ठोकतात. हा उद्योग करू नये. टेकायला जागा कमी राहते, तिथं उष्णता धरते आणि एक दिवस शिशाचा खांबच वितळतो. नवा पितळी क्लॅम्प बसवावा.

गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५९ साली शिसं आणि आम्ल यांची ही बॅटरी बनवली. आजच्या पिकअपमध्ये तत्त्व तेच आहे: सहा कप्पे, प्रत्येकी दोन व्होल्टच्या थोडं वर, पूर्ण भरल्यावर साधारण १२.६. दहा अंश तापमान वाढलं की आतल्या रासायनिक क्रिया ढोबळमानानं दुप्पट वेगानं होतात, म्हणून अकोल्यातली बॅटरी लवकर म्हातारी होते. तिचं पाणीही लवकर आटतं. तिथं पुन्हा खारपाण आडवं येतं: विहिरीचं किंवा नळाचं पाणी ओतलं की त्यातले क्षार प्लेटा खातात. डिस्टिल्ड पाण्याचा डबा गाडीत असावा.

उन्हाबरोबर रस्त्यानंही गाडी झिजायची. जून २०२२मध्ये राष्ट्रीय महामार्ग ५३वर अमरावती आणि अकोल्याच्या दरम्यान ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि गिनीज बुकात गेला. त्याआधी हा रस्ता खड्ड्यांसाठी प्रसिद्ध होता. खड्ड्यांनी बॅटरीच्या प्लेटा हलायच्या, दाराची बटणं सुटायची, आणि त्या खडखडाटात कुठला आवाज कशाचा ते कळायचं नाही. आता दाराची बारीक कुरकुरही ऐकू येते. ऐकू येतं ते दुरुस्तही करता यायला हवं. त्याच वर्षी जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, शेती अवजारं आणि वाहनं दोन्ही त्यात आली. चांगलं झालं. पण नव्या गाड्यांत दारात तारांचे जुडगे, बॅटरी सोडवली की घड्याळापासून काचेपर्यंत सगळं विसरणारे संगणक. हक्क मिळाला तरी पुस्तिका मराठीत आणि सुटी क्लिप परतवाड्याच्या दुकानात मिळाल्याशिवाय तो अंगणात उतरणार नाही.

तोवर मार्च संपायच्या आत टर्मिनलं साफ करा आणि मृगाच्या आधी दाराची भोकं उघडा. बॅटरी खरंच संपली असेल तर दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला देऊ नका. उघड्यावर फोडली की तिचं आम्ल आणि शिसं आपल्याच मातीत जातं. नवी घेताना जुनी दुकानदाराकडे परत करा; तिचे पैसे तो नव्या बॅटरीच्या किमतीतून वजा करतो.