अब्बांच्या पेटीतला तरका

तरक्याची वाटणी म्हटली की घर, जमीन, दागिने डोळ्यांसमोर येतात. कारागिराच्या घरात ती अडते अवजारांपाशी. सूरह निसाच्या ११ व १२ व्या आयतीत कोणाला किती हे स्पष्ट आहे. आधी कर्ज फेडायचं, वसीयत असेल तर ती एक तृतीयांशाच्या आत, मग वारसांचे हिस्से. आमच्यात अम्मीला आठवा हिस्सा, उरलेल्यात भाईला दोन आणि मला एक. म्हणजे २४ पैकी ३, १४ आणि ७. वर्गात शिकवते त्या अपूर्णांकांइतकं सोपं. पण हिस्से करायचे कशाचे?

अब्बा मरहूम भिंगारला लाकडाची खराद चालवत. (मराठीत कातारी, आपल्यात खरादी, अरबीत खर्रात.) पलंगाचे पाय, पाळण्याच्या दांड्या, लाटणी, रव्या. खरादीच्या किमतीबद्दल वाद नव्हता. वाद होता फळीखालच्या तेलकट पेटीचा. आत गंजलेले वीसेक लोखंडी तुकडे. भंगारवाल्याने पेटी काट्यावर ठेवून किलोचा भाव सांगितला. भाई म्हणाला, "आपा, इसका हिसाब कहाँ तक करते?" मी म्हटलं, वस्तू काय आहे हे न कळता ती विकणं म्हणजे सगळ्यांचाच, आणि आधी अम्मीचा हिस्सा कापणं.

एका रविवारी सगळं डिझेलमध्ये भिजवलं, तारेच्या ब्रशने घासलं, जुन्या चादरीवर मांडलं. अब्बांकडे काम शिकलेल्या एका चाचांना बोलावलं. त्यांची नजर आता अधू आहे, पण बोटं शाबूत. ते म्हणाले, "बेटी, ये क्या करता है, बाद में पूछ. पहले देख, बैठता कहाँ है."

त्या एका प्रश्नाने अर्धी पेटी उलगडली. काही तुकड्यांना आतून आटे होते. ते खरादीच्या फिरत्या दांड्यावर चढणारे. पट्टी लावून मोजलं, इंचाला ८ आटे, दांड्यावरही तेवढेच. बाकीचे निमुळते, नुसत्या घट्ट बसण्याने भोकात धरून राहणारे. शाळेतल्या व्हर्निअरने त्यांचं रुंद टोक मोजलं, १७.८ मिलिमीटरच्या आसपास. हे दोन नंबरचं मोर्स माप. १८६०च्या दशकात स्टीफन मोर्स नावाच्या अमेरिकी माणसाने बसवलेलं हे निमुळतेपण, २० मिलिमीटर लांबीला साधारण १ मिलिमीटर, भिंगारच्या पेटीतही तेच. म्हणजे हे सामान कुठल्याही खरादीवाल्याला चालणारं होतं, भंगार नव्हे.

मग एकेकाचं काम कळत गेलं. चार दातांचा काटा लाकडाच्या टोकात रुतून त्याला फिरवतो. भोकांच्या चकतीवर फळी स्क्रूने आवळतात. मध्ये एकच लाकडी स्क्रू असलेली चकती मुठी आणि लट्टूंसाठी. सायकलच्या तीन बेअरिंगांचं कडं मात्र अब्बांनी स्वतः बनवलेलं. पाळण्याची लांब दांडी फिरताना मध्ये थरथरते, तिला हे कडं तिन्ही बाजूंनी धरतं. चाचा बराच वेळ ते फिरवत बसले.

एक तुकडा त्यांनाही ओळखू येईना. निमुळत्या दांड्याच्या टोकाला पोलादी पातं, मध्ये अणकुचीदार टोक, दोन्ही बाजूंना चंद्रकोरीसारखी खाच. दांडा डोक्याकडच्या भोकात बसत होता, म्हणजे फिरणार तेच. लाकडाऐवजी मी कपड्यांच्या साबणाची वडी घेतली आणि पातं हाताने दाबून फिरवलं. साबणात अर्धगोल उभा राहिला, मधोमध भोक. वडी उलटून त्याच भोकात टोक धरलं, तसं पूर्ण मणी सुटून ओट्यावर घरंगळला.

"तस्बीह," अम्मी स्वयंपाकघरातून म्हणाली. आमच्या जन्माआधी अब्बा फळीच्या तुकड्यांतून मणी काढत आणि ती ते ३३-३३ ओवत असे. चाचा त्यानंतर शिकायला आले.

आम्ही वस्तूगणिक यादी केली. चाचा आणि एक ओळखीचे सुतार यांनी भाव सांगितले. बेरीज भंगाराच्या सहापट झाली. खराद सामानासह चाचांच्या मुलाने घेतली. मण्याचं पातं अम्मीला हवं होतं. भाई म्हणाला, त्याच्यापुढे शून्य लिहू.

"कीमत लिखो," अम्मी म्हणाली, "मेरा हिस्सा है, खैरात नहीं."

तिच्या खात्यात दीडशे रुपये लिहिले.