श्रावणातलं ऊन आणि सरासरी

दर पाच सेकंदांनी एक फोटो, असा हिशेब धरला तर तासाला ७२० फोटो होतात. पडद्यावर ते सेकंदाला २५ या वेगाने पळवले की अख्खा तास अर्ध्या मिनिटाच्या आत आटोपतो. टाइमलॅप्सची सगळी किमया एवढ्या भागाकारात आहे. ढग उतू गेलेल्या दुधासारखे घाटमाथ्यावरून खाली येऊ लागतात, आणि रोज समोर घडत असूनही कधी न दिसलेलं दिसायला लागतं. मग मध्येच सगळं चित्र लुकलुकतं.

हे लुकलुकणं सूर्याचं नसतं. लेन्समध्ये बारीक पाती असतात. प्रत्येक फोटोला ती मिटतात, पुन्हा उघडतात, आणि दर वेळी अगदी त्याच जागी येऊन थांबत नाहीत. ५० मिलिमीटरच्या लेन्सचं छिद्र एफ १६ वर जेमतेम तीन मिलिमीटरचं उरतं. तिथं केसाच्या जाडीएवढी चूक झाली तरी प्रकाश चार-पाच टक्क्यांनी बदलतो. एकटा फोटो पाहिला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. एकामागोमाग पळाले की डोळ्याला खुपतं. यावर छायाचित्रकारांचा एक गावठी तोडगा आहे. काही कॅमेऱ्यांत पाती मिटलेली असतानाच लेन्स किंचित फिरवून सैल केली, की कॅमेऱ्याचा तिच्याशी संबंध तुटतो आणि पाती आहेत तिथंच अडकून राहतात. मावळातल्या पावसात, ओल्या हातांनी, महागडी लेन्स सैल करण्याची माझी छाती नाही. म्हणून मी प्रोग्राम लिहायला बसलो.

सुरुवात सोपी होती. प्रत्येक फ्रेमचा सरासरी उजेड मोजायचा, आजूबाजूच्या फ्रेमच्या सरासरीशी ताडून पाहायचा आणि पडलेला फरक गुणाकाराने भरून काढायचा. पायथनमध्ये हे पानभर कोडमध्ये होतं. पथ्य एकच: गुणाकार कच्च्या फाइलमधल्या आकड्यांवर करायचा. जेपेगमधले आकडे डोळ्याला बरे दिसावेत म्हणून आधीच वाकवलेले असतात. त्यांना सरळ गुणलं की आकाश एकीकडे जातं आणि सावल्या दुसरीकडे.

तिकोन्याच्या बाजूला, भातखाचरांच्या कडेने घेतलेली एक फिल्म यातून अगदी निर्मळ होऊन निघाली. ज्यांच्या बांधावर तिपाई रोवली होती, त्या काकांना मी ती लॅपटॉपवर दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत पाहिली. मग म्हणाले, “दादा, हे आपल्या रानातलं नाय वाटत. श्रावणात ऊन असं एकसारखं कुठं पडतं?”

काकांना हिस्टोग्राम ठाऊक नव्हता आणि त्यांना तो ठाऊक असण्याची गरजही नव्हती. त्या दिवसांत ढगाची सावली खाचरांवरून दहा-पंधरा सेकंदांत निघून जाते, म्हणजे फिल्ममध्ये दोन-तीन फ्रेम. तेवढ्यात उजेडाचा आकडा घसरतो, आणि सरासरीच्या लेखी घसरलेला आकडा म्हणजे दोष. तो लेन्सच्या पात्यामुळे घसरला की ढगामुळे, हे विचारण्याची सोयच तिच्यात नाही.

१९१२ साली इंग्लंडहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आलेल्या दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ एकेक फ्रेम करत टिपली, आणि ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल मिळवायला ती फिल्म कामी आली. म्हणजे आपल्याकडचा सिनेमा उभा राहिला तो टाइमलॅप्सच्या आधारावर, हे सांगताना मला उगीचच अभिमान वाटतो. पण कोंब मातीतून वर येत असताना उजेडाच्या थरथरीकडे कोण बघणार? श्रावणातल्या आभाळाचं तसं नाही. तिथं उजेड हाच नट.

तेव्हा मी सरासरी मोडीत काढली आणि फ्रेमचे चौकोन पाडले. पाती चुकली तर सगळे चौकोन एकाच पटीने उजळतात किंवा मंदावतात. डोंगर, खाचर, आभाळ, सगळे. सावली मात्र आधी उजवीकडच्या चौकोनांत शिरते, मग मधल्या, मग डावीकडच्या. ती सरकते. हा फरक प्रोग्रामला कळू लागला तेव्हा फिल्ममध्ये ऊन पुन्हा येऊ-जाऊ लागलं. खरा पेच राहिला तो एखादा मोठा ढग सूर्यावर येऊन सगळं शिवार एकदम झाकोळून टाकतो तेव्हाचा. सगळे चौकोन मंद, बहुतेक एकाच पटीने. तिथं मला बांध उपयोगी पडला. ढग आला की बांधाच्या सावलीची धार जाते आणि तिच्या कडा विरघळतात. पाती चुकली तर सगळं काळवंडतं, पण सावली जागच्या जागी ठसठशीत राहते. आता प्रोग्राम आधी सावली आहे का ते बघतो, आकडे मग.

धुक्यात ही युक्तीही फसते. सावलीच नसते, आणि एखाद-दुसरी फ्रेम काळी का पडली याला पुरावा उरत नाही. अशा फ्रेम प्रोग्राम बाजूला काढतो आणि मला विचारतो. ओळखीचे काहीजण म्हणतात, विचारतोस कशाला, एक बटण ठेव आणि सगळं आपोआप कर. तसं बटण मी अजून ठेवलेलं नाही. धुक्यातल्या फ्रेम मी हात न लावता परत आत सोडतो. फिल्म तिथं थोडी लुकलुकते.