नरडाण्याला मुक्काम

धुळं सोडून मुंबई-आग्रा रस्त्याने उत्तरेला निघालं की देवपूरची वस्ती संपते, नगावबारी मागे पडते, सोनगीरचा किल्ला दिसतो आणि त्यापुढे नरडाणा येतं. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचं स्टेशन, एमआयडीसीतले कारखाने, हमरस्त्याकाठचे ढाबे, भोवती कपाशी आणि दादर ज्वारीची रानं. कुणी मुद्दाम बघायला यावं असं हे गाव नाही. इथे माणसं उतरतात ती कामासाठी, नाहीतर थकून. आम्ही मात्र मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी, इथे ठरवून येतो. मोटारसायकलींवर येतो, रात्रभर तंबूत राहतो आणि सकाळी सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला जातो.

आमच्या या भेटीला नाव नाही, फलक नाही, नोंदणी नाही. नरडाणा निवडलं ते रस्त्यांमुळे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्याला एकमेकांना छेदतात, सोलापूरहून येणारा तिसराही तिथेच मिळतो. नाशिकचा स्वार चांदवड-मालेगावाहून येतो, इंदूरचा बिजासनचा घाट उतरून आणि तापी ओलांडून येतो, सुरतेचा नवापूर-साक्रीवरून. कुणालाच फार लांब पडत नाही आणि कुणालाच अगदी घराजवळ राहिल्यासारखं वाटत नाही. भेटीच्या जागेचा एवढा गुण मला पुरतो.

बरोबरीने गाड्या चालवणं म्हणजे काय, हे बाहेरून बघणाऱ्याला सहसा कळत नाही. रस्त्यावरून वीस गाड्या एका लयीत गेल्या की बघणाऱ्याला वाटतं, केवढी मजा चाललीय यांची. खरं तर त्या वीस माणसांइतकी एकटी माणसं त्या वेळी त्या रस्त्यावर दुसरी नसतात. पुढे एक लीड असतो, सर्वांत मागे स्वीप, मधले एकाआड एक डावी-उजवीकडे अंतर ठेवून. बोलणं शक्यच नसतं. जे सांगायचं ते हाताने आणि पायाने: डावा पाय बाहेर निघाला की खड्डा, मूठ वर गेली की थांबा, हात खाली-वर झाला की वेग कमी करा. बाकी सगळं हेल्मेटच्या आत. तिथे आपला श्वास ऐकू येतो, इंजिनाचा एकसुरी आवाज येतो, आणि तासाभराने मन अशा विषयांवर जातं की घरी, शाळेत, बाजारात ते जायला धजत नाही. कुठल्या तरी वाक्यावर आपण आईला काय बोललो होतो ते आठवतं. सोडून दिलेलं एखादं काम आठवतं. शेजारून ट्रक जातो, वाऱ्याचा झोत गाडी हलवतो, आपण सावरतो आणि विचार तिथूनच पुढे सुरू होतो. हे सगळं कुणालाही सांगता येत नाही, कारण तेव्हा सांगायला कुणी नसतं. पाठीमागे बसलेला माणूससुद्धा त्यात नसतो.

म्हणून मुक्कामावर पोहोचल्यावरचा पहिला अर्धा तास मला फार आवडतो. एकेक इंजिन बंद होतं. कानात अजून घरघर असते. तापलेल्या धातूचा टिकटिक आवाज येत राहतो. कुणी लगेच बोलत नाही. माणसं हेल्मेट काढून केसांतून हात फिरवतात, पाठ ताणतात आणि काहीतरी हातांचं काम शोधतात. आमची जागा म्हणजे बाजरी काढलेलं एक वावर. ज्यांचं वावर त्या आजी बांधावर येऊन बसतात. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, "एकलीच उनी का वं बेटा?" मी मागून येणाऱ्या गाड्यांकडे हात केला. त्यांनी पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा तेच विचारलं. माझ्या गाडीवर माझ्याशिवाय कुणी नव्हतं, त्यांना तेवढंच दिसत होतं, आणि त्यांचं बरोबर होतं.

काळ्या जमिनीत गाडी उभी करायची म्हणजे साइड स्टँडखाली सपाट दगड हवा, नाहीतर रात्रीतून स्टँड रुतत जातो आणि पहाटे गाडी आडवी. तंबूचं तोंड उत्तरेला ठेवायचं नाही. खिळे वाऱ्याच्या उलट्या अंगाला तिरके ठोकायचे. वर दुसरं कापड ताणलं नाही तर सकाळी दवाने सगळं ओलं. चेन तापलेली असतानाच पुसून तिला तेल द्यायचं, ते चांगलं मुरतं. ही कामं कुणी कुणाला नेमून देत नाही. नागपूरचा मुलगा इंदूरच्या अनोळखी बाईंचा तंबू धरून उभा असतो, सुरतेचे एक काका कुणाच्या तरी क्लचची वायर गुडघ्यावर बसून बघत असतात. नावं नंतर कळतात. आधी कळतं ते कोण कसा पाना धरतो, कोण उतावीळ आहे, कोणाच्या हाताला घाई नाही.

अंधार पडला की भरीत. हिवाळ्यातल्या खान्देशात चार माणसं रानात जमली आणि भरीत झालं नाही, असं होत नाही. वांगी मोठी, हिरवी, पांढुरक्या रेघांची, जळगावकडची. ती कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर भाजायची. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो वास येत नाही आणि तो वास नसेल तर मी त्याला भरीत म्हणणार नाही. साल काढून लाकडी बडगीत ठेचायचं, वरून हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि तेल. सोबत कळण्याची भाकरी, ज्वारी-उडदाची. ती थापायला आजींच्या सुनबाई येतात आणि शहरातल्या मुलांना थापायला लावतात. दूरचे लोक पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आणतात आणि दुसरी भाकरी मागतात.

धुळे जिल्ह्यातली डिसेंबरची थंडी बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही. उन्हाळ्यात पंचेचाळिशीला टेकणारा हा मुलूख थंडीत पार सात-आठ अंशांपर्यंत उतरतो. शेकोटीला तोंड भाजतं आणि पाठ गारठते, त्यामुळे सगळे जवळ सरकतात. आणि मग बोलणं सुरू होतं.

ते बोलणं मी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही. लग्नात, ऑफिसात, नातेवाइकांत माणसं दिवसभर बोलतच असतात, त्यामुळे रात्रीपर्यंत बोलायचं राहतच नाही काही. इथे बहुतेक जण कित्येक तास गप्प बसून आलेले असतात. सुरुवात गाड्यांपासूनच होते. जुन्या बुलेटच्या अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणून मगच किक कशी मारायची, तिचा गिअर उजव्या पायात असायचा तेव्हा दुसरी गाडी चालवताना कसा घोळ व्हायचा, म्हैसूरच्या कारखान्यातून आलेल्या येझदीच्या किकचाच पुढे गिअर कसा व्हायचा. नाशिकचे एक काका येझदीचं नाव निघालं की हात वर करून थांबवतात आणि सगळं पहिल्यापासून सांगतात. पण मध्यरात्र जवळ आली की गाड्या मागे पडतात. एका वर्षी शिरपूरकडचा एक मुलगा होता, सूतगिरणीत कामाला. जाळाकडे बघत म्हणाला, एमपीएससीचा निकाल लागलाय, यंदाही नाही झालं, घरी अजून सांगितलं नाही. कुणीही त्याला धीर दिला नाही, उपदेश केला नाही. एकाने काड्या पुढे सरकवल्या. बऱ्याच वेळाने इंदूरच्या बाई म्हणाल्या, आज तू माझ्यामागेच चालवत होतास ना, फार नीट चालवतोस. त्यानंतर त्याने बरंच सांगितलं. ते त्याचं आहे, म्हणून इथे लिहीत नाही. पण तो ते त्या दिवशी रस्त्यात मनाशी बोलत आला असणार, एवढं मला नक्की ठाऊक आहे, कारण मीही माझं बोलतच आले होते.

मोठे मेळावे मी नाकारत नाही. गोव्यात वागातोरच्या टेकडीवर रॉयल एनफील्डचा रायडर मेनिया भरायचा, 2023 पासून त्याचं नाव मोटोव्हर्स झालं. 2013 साली सुरू झालेला इंडिया बाइक वीकही मुख्यतः तिथलाच. हजारोंनी गाड्या, वाजंत्री, नव्या मॉडेलांवरचे झगमगते दिवे. नरडाण्याहून ते अंतर आठशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि तिथवर जाणं हाच त्यातला मोठा भाग. तिथे मला आनंद झाला, पण तिथे कुणाची गोष्ट ऐकायला मिळाली नाही. आवाज इतका होता की हेल्मेट काढल्यावरही माणूस आतच राहत होता. आमच्यासारख्या भेटीचं खरं भावंड मला जर्मनीत दिसतं. 1956 पासून तिथे ऐन थंडीत मोटारसायकलस्वारांचा एक मेळा भरतो, हत्तींची भेट असं त्याचं नाव. झुंडाप नावाच्या कंपनीची एक धिप्पाड गाडी होती, तिला लोक हिरवा हत्ती म्हणत, तिच्यावरून ते पडलं. आता तो बव्हेरियाच्या जंगलात भरतो. बर्फात गवताचा पेंढा पसरून त्यावर तंबू ठोकतात. ऊन-वारा बघून सोयीचा हंगाम निवडता आला असता, त्यांनी तो निवडला नाही. थंडी माणसांना शेकोटीशी आणते, हे त्यांनाही कळलं असावं.

आणि या खोऱ्याला तर मुक्काम नवे नाहीतच. सुरतेच्या बंदरात उतरलेला माल बऱ्हाणपुराकडे जायचा तो तापीच्या काठाकाठाने. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निये या वाटेने गेला आणि त्याने मुक्कामांची यादी लिहून ठेवली. त्यात नवापूर आहे, नंदुरबार आहे, थाळनेर आहे. हे थाळनेर आजच्या शिरपूर तालुक्यात, एके काळी फारुकी राजांची राजधानी; त्यांच्या कबरी अजून तिथे आहेत. बैल, घोडे, उंट, पहारेकरी, व्यापारी आणि त्यांचे नोकर या वाटेवर रात्री जाळ करून बसत असणार. त्यांचंही दिवसाचं चालणं धुळीत आणि ओरडाआरडीत जाई, आणि बोलण्याला रात्रच मिळे. नरडाण्याच्या वावरात बसल्यावर मला हे आठवतं आणि आपण काही परदेशी खूळ आणून इथे लावलंय, असं वाटणं बंद होतं.

पहाटे गाड्यांच्या सीटवर दवाचे थेंब असतात. जुन्या गाड्या दोन-चार किकांनंतर खोकून सुरू होतात. शिंदखेडा ओलांडून दोंडाईचा, तिथल्या बाजारातल्या लाल मिरचीने हेल्मेटच्या आत ठसका, मग तापीचा रुंद पूल आणि पलीकडे सारंगखेडा. एकमुखी दत्ताचं दर्शन घ्यायचं आणि बाजारात शिरायचं. मारवाडी घोडे, काठियावाडी, पंजाबातून आलेले उंचेपुरे, दुधासारखे पांढरे नुकरे, चारी पाय आणि कपाळ पांढरं असलेले पंचकल्याणी. व्यापारी दूर दूरच्या प्रांतांतून येतात, आठवडाभर आणि अधिक इथेच पालं टाकून राहतात, जनावरांशेजारी झोपतात. गिऱ्हाईक आधी दात बघतं, मग अंगावरचे भोवरे मोजतं, मग घोडा रेहवाल चालवून दाखवायला सांगतं. रेहवाल चालीत घोडेस्वाराच्या हातातलं पाणी हलत नाही म्हणतात.

आमच्या गाड्या दिसल्या की हेच व्यापारी आमच्याकडे येतात, टाकीवर थाप मारतात, किती चालते विचारतात. एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने मला त्याच्या घोडीवर बसवलं होतं. मी लगाम घट्ट आवळून धरला. घोडी जागीच पाय आपटू लागली. तो हिंदीत म्हणाला, हात ढीले छोड, आणि तिच्या कानांच्या मधून लांब बघ, जिथे जायचं तिथे. वाळूत मोटारसायकल घालताना हेच करायचं असतं: मूठ सैल, नजर लांब, चाकाकडे बघायचं नाही. जो चाकाकडे बघतो तो पडतो. हे मला गाडीवर कुणी शिकवलं तेव्हा डोक्याला कळलं होतं. घोडी शांत होऊन चालायला लागली तेव्हा ते हातांना कळलं. शिरपूरचा तो मुलगा त्या वर्षी कठड्याला रेलून हे बघत होता. नंतर तोही बसला, आणि माझ्यापेक्षा फार चांगला बसला. म्हाताऱ्याने त्याला उतरूच दिलं नाही, रिंगणात आणखी फेऱ्या मारायला लावल्या.

दुपार कलली की पांगापांग. इंदूरवाले शहादा-खेतियाची वाट धरतात, सुरतवाले नंदुरबार-नवापूरची, नाशिक आणि नागपूरवाले परत धुळ्याकडे. पुढच्या भेटीची तारीख कुणी ठरवत नाही, ती पंचांगातच असते. त्या मुलाची चेन सैल झाली होती. सुरतेच्या काकांनी ती ताणून दिली, मागच्या चाकाचा नट आवळला, गाडी थोडी ढकलून चाक सरळ आहे का पाहिलं आणि त्याला म्हणाले, शिरपुरापर्यंत काही होणार नाही, पण घरी गेल्यावर एकदा दाखवून घे.