बलून पंपाशेजारची रात्र

'चार नंबरला बलून पंप आहे. रात्रभर तिथून हलायचं नाही,' एवढं सांगून इन्चार्ज सिस्टर पुढे गेल्या. मी बोदवडची, नर्सिंग संपवून नुकतीच नाशिकच्या एका आयसीयूत लागलेले. बेडवर मोठा हार्ट अटॅक आलेले काका. अँजिओप्लास्टी झाली होती, तरी रक्तदाब चढत नव्हता, हातपाय गार.

काकू आमच्याच बाजूच्या निघाल्या. बोलण्यावरून लगेच कळलं. त्यांनी विचारलं, 'मशीन बंद पडली तं यायचं हृदय थांबीन का वं?' मला उत्तर येईना. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना गाठलं.

हृदय स्वतःच धडधडत असतं, ते म्हणाले. मांडीच्या धमनीतून वर महाधमनीत एक लांबट फुगा सोडलेला असतो. ठोका पडून हृदय सैल झालं की तो फुगतो आणि रक्त हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांकडे रेटतो. पुढच्या ठोक्याच्या ऐन आधी मिटतो. डोक्यावर पोतं घेऊन येणाऱ्याला आधीच दार उघडून द्यावं, तसा. आत हेलियम असतो. हलका, म्हणून झटकन आतबाहेर होतो. मशीन बंद पडली तर हृदय लगेच थांबत नाही, पण निपचित फुग्यावर रक्ताची गुठळी धरते. अर्धा तास तो तसा ठेवायचा नाही.

मग कामं. पाय वाकू द्यायचा नाही, पावलाची नाडी बघायची, हे समजलं. पण डाव्या मनगटाची का? फुगा वर सरकला तर डाव्या हाताची धमनी अडते. खाली सरकला तर किडनीची, म्हणून दर तासाला लघवी मोजायची. नळीत रक्ताचा ठिपका दिसला तर फुगा फाटला समजून धावत सुटायचं. मी टॉर्च घेऊन त्या नळीकडेच बघत बसले.

हा पंप माणसावर पहिल्यांदा वापरला ब्रुकलिनच्या डॉ. कँट्रोविट्झ यांनी, १९६७ साली. 

पहाटे डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं आणि मी चक्रावलेच. २०१२ च्या जर्मनीतल्या ६०० रुग्णांच्या अभ्यासात या पंपामुळे महिनाभरातले मृत्यू कमी झाले नव्हते. हृदयातच बसवायचा इम्पेला पंप २०२४ च्या अभ्यासात निवडक रुग्णांत सरस ठरला, पण रक्तस्राव जास्त आणि किंमत कित्येक लाख. मग मी रात्रभर राखण कशाची केली? 'जीव वाचतो तो बंद धमनी वेळेत उघडल्यानं,' ते म्हणाले. 'हा आधार त्यानंतरचा.'

म्हणून गावाकडच्यांना सांगते: छातीत दुखून घाम फुटला तर गॅसची गोळी घेऊन सकाळची वाट बघू नका. १०८ लावा, जवळच ईसीजी काढा, आणि रात्रीही अँजिओप्लास्टी होणारं रुग्णालय कुठलं, हे आजच विचारून ठेवा.