बाटलीला वेणी

लग्न होऊन आता सात महिने झाले. भाची सासरी रुळली, ताईचं आणि माझं बोलणंही पुन्हा पहिल्यासारखं सुरू झालं. तरी कुणी पुढ्यात पाण्याची बाटली ठेवली की माझी नजर आधी तिच्या गळ्याकडे जाते.

क्रोशा मला आईने शिकवला, पाचवी-सहावीत असताना. रेडिओवरचा रुमाल, मग टीव्हीवरचा, ताटावर झाकायचा, परकराची लेस, दाराचं तोरण. आमच्या वेळच्या घराघरांत हे होतंच, त्यात सांगण्यासारखं काही नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली तेव्हा सुई डब्यात गेली आणि निवृत्तीनंतर बाहेर आली. मधल्या तीस वर्षांत डोळे बिघडले, बोटं मात्र काही विसरली नव्हती.

भाचीचं लग्न ठरलं तेव्हा मनात आलं, वरपक्षाच्या बायकांना सीमांतपूजनाच्या संध्याकाळी हळदीकुंकू लावताना एकेक केसात माळायचं फूल द्यावं. गजरा रात्रीत कोमेजतो. स्टीलच्या वाट्या आणि प्लॅस्टिकचे डबे सगळ्यांच्या कपाटात वर्षानुवर्षं पडलेले असतात, ते पुढच्या हळदीकुंकवात दुसऱ्याच्या गळ्यात मारले जातात. (मीही मारते. कोण मारत नाही?) हे मात्र हाताने केलेलं, एकासारखं दुसरं नसलेलं. ताईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "कर गं, छान होईल." किती बायका, विचारलं तर म्हणाली साठेक. मी चौसष्ट केली.

फूल आयरिश गुलाबाच्या पद्धतीचं. पाच साखळ्यांचं कडं, त्यावर पाच पाकळ्या. एकेका पाकळीत मुका खांब, अर्धा खांब, तीन खांब, पुन्हा अर्धा, पुन्हा मुका. मग पहिल्या थराच्या पाठीमागून साखळ्यांचे फास टाकायचे आणि त्यांवर मोठ्या पाकळ्यांचा दुसरा थर विणायचा, म्हणजे फूल चपटं न राहता उमलल्यासारखं उभं राहतं. १८४० च्या दशकात आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक कुजून दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या बायका अशा गुलाबांच्या लेसवर घर चालवायच्या. दोरा मर्सराइज्ड कापसाचा घेतला, म्हणजे कॉस्टिक सोड्यातून काढलेला, म्हणूनच चकाकणारा. लोकरीचं फूल केसात झिपरं दिसतं. पांढऱ्या पाकळ्या, मध्ये गडद लाल. मधोमध एक मोती. झालं की साबुदाण्याच्या पातळ खळीत बुडवून, पिळून, पाकळ्या बोटाने उलगडून सावलीत वाळवायचं. शेवटी पाठीला टिकटिक पिन शिवायची. चिकटवायची नाही, गोंद उन्हाळ्यात सुटतो.

एका फुलाला चाळीस मिनिटं. चष्मा लावून आणि शेजारीण गप्पा मारायला आली नाही तर. चौसष्ट फुलं म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस तास. हा हिशेब तेव्हा केला नव्हता, नंतर केला. करायला लागला.

साडीच्या खोक्यात थराथराने लावून फुलं सांगलीहून पुण्याला नेली. एसटीत खोकं मांडीवर. ताईच्या हातात दिलं, तिने उघडून पाहिलं, "अगंबाई!" म्हणाली आणि बांगड्या, सुपाऱ्या, खण ठेवले होते त्या ढिगात ठेवून दिलं. सीमांतपूजनाच्या संध्याकाळी खोकं सापडेना. घाईत कुणीतरी सामान आधीच कार्यालयात पाठवलं होतं. ताई म्हणाली, "उद्या जेवायच्या आधी देऊ, काही बिघडत नाही." मलाही तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या, मी जेवणाच्या हॉलकडे वळले आणि पहिल्याच टेबलापाशी थांबले. टेबलावर पाण्याच्या लहान बाटल्या, प्रत्येक बाटलीच्या गळ्यात तागाची सुतळी आणि सुतळीला माझं फूल. पुढच्या टेबलावरही तेच. त्याच्या पुढच्याही. हॉलभर माझी चौसष्ट फुलं बाटल्यांनी माळली होती.

सजावटीचं काम पाहणारी मुलगी तिथेच होती. पंचविशीची, कानात वायर, हातात यादी. मी विचारलं, "ही फुलं इथे कुणी लावली?" ती इतकी आनंदली! "काकू, तुम्ही दिलेत का हे बॉटल टॅग्ज? काय क्यूट आहेत! मागे पिनपण आहे ना, पटापट लागले."

मागे पिन आहे म्हणून. यावर काय बोलणार? पिन कशाला असते ते सांगायला मी तोंड उघडलं आणि तिच्या डोक्याकडे पाहिलं. मानेच्या वरपर्यंत कापलेले केस. तिच्या आयुष्यात टिकटिक पिन कधी आली असेल कुणास ठाऊक. मी गप्प राहिले. ती चूक झाली, तेव्हाच मोठ्याने बोलायला हवं होतं.

पुढचा अर्धा तास मी जे केलं त्याचा आमचे यजमान अजून उल्लेख करतात. पैठणी नेसून, नथ घालून, मी टेबलाटेबलामधून फिरून बाटल्यांच्या गळ्यातली फुलं काढत होते. लोक जेवायला बसायला लागले होते. मी हात पुढे केला की त्यांना वाटे मला पाणी हवंय. व्याह्यांच्या एका वयस्कर नातेवाइकांनी तर स्वतःची बाटली उघडून माझ्या हातात दिली, "घ्या, घ्या, बसा जरा, ऊन फार आहे." मी ती घेतली. दोन घोट प्यायलेही. फूल काढून मुठीत लपवलं आणि बाटली परत ठेवली. त्या भल्या माणसाला काय वाटलं असेल देव जाणे.

बऱ्याच बाटल्या तोवर लोकांनी उचलून नेल्या होत्या. काही मुलांच्या हातात, काही बसमध्ये, काही कचऱ्याच्या पिशवीत. मिळाली ती तेवीस. आणि मिळाली तीही कशी? बाटल्या बर्फातून काढलेल्या, त्यांना घाम फुटलेला. लाल दोऱ्याचा रंग पांढऱ्या पाकळ्यांत उतरला होता. पिना लोखंडी, वरचा मुलामा नावापुरता. एका दुपारीत फुलांच्या पाठीला तांबेऱ्याचे डाग पडले होते. दोन फुलांवर बासुंदी, एकावर लोणच्याचं तेल.

यात वाईट कुणाचंच नव्हतं, हे मला कळतं. ताई मुलीच्या लग्नात पिळून निघालेली. ती सजावटवाली मुलगी पहाटे पाचपासून उभी. खोकं चुकून तिच्या सामानात गेलं, तिने त्याचा तिच्या समजुतीप्रमाणे उपयोग केला. रागवायला माणूस सापडत नाही, हाच राग. पूर्वी रुखवतात हाताने केलेली वस्तू मांडत तेव्हा शेजारी चिठ्ठी असे, ही कुणी केली त्याची. आता रुखवतही भाड्याने येतं आणि संध्याकाळी टेम्पोत भरून परत जातं. चिठ्ठी कशावर लावणार?

पण खरं लागलं ते पुढे. रात्री पाठवणी झाल्यावर मी ताईला ती तेवीस फुलं दाखवली. ती आधी हसली. मग माझा चेहरा बघून म्हणाली, "अगं, बाटल्यांवर का होईना, सगळ्यांनी पाहिली ना! आणि तुला काय, रिकामा वेळ आहे, अजून करशील."

रिकामा वेळ.

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. ती वाईट मनाने बोलली नाही, म्हणूनच ते जास्त रुतलं. मी ग्रंथालयात असताना मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंचं एक पुस्तक चाळलं होतं, १९८२ चं, आंध्रातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवर. पश्चिम गोदावरीच्या त्या पट्ट्यात हजारो बायका क्रोशाची लेस विणतात, ती परदेशात विकली जाते. आणि मीस बाई लिहितात, या बायकांना कामगार कुणी म्हणत नाही. त्या गृहिणी, घरकामातून उरलेल्या वेळात विणतात, असं व्यापारीही म्हणतात, नवरेही म्हणतात. तेव्हा ते मला अभ्यासातलं वाटलं होतं. ताईच्या एका वाक्याने ते पुस्तक माझ्या मांडीवर येऊन बसलं.

महिन्याने तिचा फोन. लग्नाला आलेल्या एका बाईंना "ते बाटलीचे टॅग" फार आवडले होते, त्यांच्या नातवाच्या बारशाला दोनशे हवे होते. वीस रुपयाला एक देतील म्हणाल्या. दोरा, मोती, पिन मिळून फुलामागे नऊ रुपये जातात. उरले अकरा. चाळीस मिनिटांचे अकरा म्हणजे तासाला साडेसोळा रुपये. मी ताईला आकडा सांगितला तर ती म्हणाली, "तू पैशासाठी थोडीच करतेस!" खरं आहे. पैशासाठी करत नाही म्हणून तर भेट द्यायला केली होती. पण मग ज्यांना मी ओळखत नाही त्या बाईंच्या नातवाच्या बाटल्यांना भेट का द्यावी?

ज्या विणणाऱ्या बायका हे वाचतील त्यांना एक सांगते: किंमत विचारली की आधी तास सांगा, रुपये मागाहून. आणि भेट द्यायची तर मधल्या माणसाकडे देऊ नका. स्वतःच्या हाताने समोरच्या बाईच्या केसात माळा, नाहीतर देऊच नका.

हे लिहिलं आणि लाज वाटली. कारण लग्नाच्या आदल्या वर्षीच मी पुण्याच्या तुळशीबागेत क्रोशाचा गजरा पाहिला होता. मोगऱ्याच्या कळ्या, एकेक वेगळी विणून दोऱ्यात ओवलेली. ऐंशी सांगितला. मी साठला मागितला आणि साठलाच घेतला. "मशीनचं तर असेल," असंही म्हणाले दुकानदाराला. क्रोशा मशीनवर होत नाही. स्वेटर होतो, लेसही होते, पण क्रोशाचा टाका एकेक करून माणसाच्याच हाताने घालावा लागतो. हे मला चाळीस वर्षांपासून माहीत आहे. तरी जीभ बोलली. त्या गजऱ्यात साठेक कळ्या होत्या. कुणाचा रिकामा वेळ होता तो?

आणि दुसरंही कबूल करायला हवं. भाचीने लग्नाचा व्हिडिओ पाठवला. जेवणाच्या हॉलवरून कॅमेरा फिरतो तेव्हा पांढऱ्या टेबलांवर ओळीने ती फुलं दिसतात. सुंदर दिसतात. मी तो तुकडा पाच-सहा वेळा पाहिला. मग त्याच व्हिडिओतल्या बायकांची डोकी मोजली. वेणी किंवा अंबाडा असलेल्या जेमतेम पंधरा. बाकी सगळ्या मोकळे केस, आखूड केस, ब्यूटी पार्लरवाल्यांनी आधीच जिप्सोफिला खोचलेले केस. नवरीच्या डोक्यावर तर तिळाएवढी जागा उरली नव्हती. माझी चौसष्ट फुलं ठरल्याप्रमाणे वाटली गेली असती तर पन्नास तरी पर्समध्ये गेली असती आणि पर्समधून कपाटात, स्टीलच्या वाट्यांशेजारी. बाटल्यांनी निदान दोन तास माळली.

पण म्हणून राग गेला का? नाही. ताईला पटतं की मी विसरले, मीही तिला पटू देते.

दोनशेची ऑर्डर घेतली नाही. तेवीस फुलं मात्र धुतली. तांबेऱ्यावर लिंबू पिळून मीठ चोळायचं आणि उन्हात ठेवायचं, दोन-तीन वेळा केलं की डाग जातो. एकोणीस फुलांचा गेला, चारांचा नाही. उतरलेला लाल रंग कुठल्याच फुलातून पूर्ण निघाला नाही, सगळी आता किंचित गुलाबी आहेत, आणि ती मुळातली वाटावीत इतकी बरी दिसतात. सगळ्यांच्या पिना उसवल्या आणि स्टेनलेसच्या लावल्या, चार रुपये जास्त पडले.

एकेचाळीस फुलं अजून बाहेर आहेत. गेल्या मे महिन्यात पुण्यातल्या एका लग्नातून पाण्याच्या बाटलीबरोबर तुमच्या घरी एखादं आलं असेल, पांढरं, मधे लाल, मोत्याचं, तर ते परत नको. मागची पिन तेवढी उसवून टाका. गंजते ती, आणि केसात लावली तर केस धरते.