डबल क्लिकचा मालक कोण?

दिवाळीत घरी, म्हणजे वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या आर्वीला गेलो की माझं एक काम ठरलेलं असतं. बाबांचा कॉम्प्युटर 'साफ' करणे. पुलगावला ट्रेनमधून उतरायचं, एस.टी.नं घर गाठायचं, आणि चहा संपतो न संपतो तोच बाबांच्या खुर्चीत जाऊन बसायचं. शेवटी पोराला इंजिनियर कशाला केलं?

या वेळी पाहिलं तर पीडीएफ उघडायला अजून तोच अॅडोब रीडर. त्या जुन्या मशीनवर उघडता उघडता दमायचा बिचारा. म्हटलं, ब्राउझर पीडीएफ दाखवतो, मग हे ओझं कशाला? फाइलवर राइट क्लिक, 'ओपन विथ', ब्राउझर निवडला, 'ऑलवेज' केलं. खेळ खल्लास!

आता थोडं ज्ञान पाजळतो :) फाइलच्या नावात शेवटच्या टिंबानंतर जे असतं ते एक्स्टेन्शन. विंडोज त्यावरून ठरवतं की फाइल कोणाच्या हवाली करायची. पूर्वी नवा प्रोग्राम टाकला की तो गुपचूप हे हक्क बळकवायचा. विनअॅम्प आणि रिअलप्लेअर यांची एमपीथ्रीवरून चालणारी ओढाताण आठवत असेलच. विंडोज ८ पासून (२०१२) हा निर्णय वापरणाऱ्यालाच विचारून होतो. पण वापरणारा म्हणजे नक्की कोण, हे विंडोजला कुठे कळतं? त्या दिवशी खुर्चीत मी होतो.

आणखी एक काम केलं. व्हीबीएस आणि जेएस या फाइली नोटपॅडला जोडून टाकल्या. २००० सालच्या मे महिन्यात आलेला 'आय लव्ह यू' व्हायरस असाच पसरला होता. फाइलच्या नावात टीएक्सटी दिसायचं, खरं शेपूट व्हीबीएस असायचं, आणि विंडोज ते शेपूट लपवायचं. लोकांनी प्रेमपत्र समजून डबल क्लिक केलं आणि तो चालू झाला. नोटपॅडला जोडलं असेल तर अशी फाइल चालत नाही, नुसती अक्षरं दिसतात.

पुण्याला परत आलो. आठवड्याभरात बाबांचा फोन.

"माह्या सातबाऱ्यायचं काय केलं तू?"

मी लगेच सुरू झालो. बाबा, फाइली तिथंच आहेत, फक्त आयकॉन बदलला. घाबरू नका. वगैरे वगैरे. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ते समजलं मले. आयकॉनचं नाही म्हणत मी. सहीवरची हिरवी खूण कुठी गेली?"

माझी बोलती बंद.

पीक कर्जासाठी बाबा डिजिटल सहीचा सातबारा काढतात, १५ रुपये भरून. ती सही खरी आहे की नाही हे अॅडोब रीडर तपासून सांगतो. तीनेक वर्षांपूर्वी मीच त्यात सर्टिफिकेटवर विश्वास ठेवण्याचं सेटिंग केलं होतं, नाहीतर खुणेच्या जागी प्रश्नचिन्ह येतं. तेव्हापासून हिरवी खूण पाहिल्याशिवाय बाबा प्रिंट काढत नाहीत. मी निवडलेल्या ब्राउझरनं कागद झटकन दाखवला खरा, पण सही तपासलीच नाही. मी शिकवलेलं बाबांच्या लक्षात होतं. विसरलो मी!

नशीब, रीडर अनइन्स्टॉल केला नव्हता. फोनवरून सांगत गेलो, बाबांनी स्वतः राइट क्लिक करून पीडीएफ पुन्हा रीडरला जोडली. खूण दिसली. मग मी नोटपॅडचंही सांगितलं, प्रेमपत्रासकट. ते मात्र त्यांना पटलं. "राहू दे ते," म्हणाले.

ऑफिसात क्लायंटला विचारल्याशिवाय आम्ही एक बटण हलवत नाही. घरी मात्र बापाचं अख्खं टेबल आवरून मोकळे होतो, आणि वर त्यालाच समजावत बसतो.

असो. फोन ठेवता ठेवता बाबा म्हणाले, "अजून काही बदलवलं असशीन तं आताच सांगून दे."

फोटोंचं सांगायचं राहिलंय. आज रात्री फोन करतो.