पिशवी

मंडळी, या शनिवारी कोड, क्लायंट, अप्रेझल यातलं काहीच नाही. विषय आहे पिशवी. बाजारहाटाची नव्हे हो! आमच्या नगर जिल्ह्यात (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण जिभेला अजून सवय नाही) गर्भाशयाला पिशवीच म्हणतात. "तिची पिशवी काढली" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय, दाढ काढली म्हणावं इतक्या सहज. पोरं झाली, नसबंदी झाली, मग रिकाम्या पिशवीचं काम काय? द्या टाकून. एका शब्दाने किती सोपं करून टाकलंय सगळं!

मागच्या वर्षी पाथर्डी तालुक्यातून माझ्या आत्याचा फोन आला. वय ४४. पाळीत खूप रक्त जायचं, चालताना दम लागायचा, सोनोग्राफीत गाठी दिसल्या होत्या. जवळच्या एका डॉक्टरांनी दोन मिनिटांत निकाल दिला, "पिशवी खराब झालीय. काढा, नाहीतर कॅन्सर होईल." म्हणून कम्प्युटरवाल्या भाचीला फोन. खर्च, सुट्टी, म्हशी कोण बघणार हे सगळं बोलून झाल्यावर ती जरा थांबली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मग मी आतून पोकळ व्हईन का गं? बाया म्हणत्यात दाढीमिशी येती. बाईपण जातं म्हणत्यात."

म्हणजे बघा. बाहेरून जग सांगतं की ती नुसती पिशवी आहे, आणि आतून बाई समजते की सगळं बाईपण त्यातच भरलंय. गंमत म्हणजे दोन्ही खोटं.

शेजारच्या बीड जिल्ह्याचं प्रकरण २०१९ साली देशभर गाजलं ते आठवतं? शेवगाव-पाथर्डी आणि बीड हा ऊसतोडीला जाणाऱ्यांचा पट्टा. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', मुकादमाकडून आगाऊ उचल, आणि एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जाणार. फडात ना संडास, ना आडोसा. अशा वेळी पाळी आणि अंगावरून जाणं म्हणजे दुखणं कमी आणि नुकसान जास्त. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. म्हणजे साधारण १७ टक्के! २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हेच प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होतं. पुढे २०२२ मध्ये केंद्राने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि त्या तीन महिन्यांत लागू करा असं सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये राज्यांना बजावलं.

आम्ही ऑफिसात जुना मॉड्यूल काढताना आधी विचारतो, याच्यावर अजून काय काय अवलंबून आहे? इथे तर रोलबॅकही नाही.

तर आत्याला नगरला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी चक्क कागदावर चित्र काढलं. गर्भाशय मुठीएवढं, उलट्या पेरूसारखं. ते काढलं की पोकळी वगैरे राहत नाही, आतडी सरकून ती जागा घेतात. पाळी बंद, मूल होणार नाही, हे कायमचं. पण हार्मोन तयार होतात ते शेजारच्या बीजकोशांत. ते ठेवले तर बाईपणाची रसद चालू राहते. फार तर पाळी जायची लक्षणं थोडी लवकर येतात. तेही काढले तर मात्र एका रात्रीत ती अवस्था येते. अंगातून वाफा, झोप उडणं, कोरडेपणा, पुढे हाडं ठिसूळ. म्हणून "बीजकोश ठेवणार का?" हा प्रश्न ऑपरेशनच्या आधी विचारायचा. आणि दाढीमिशी? नुसती पिशवी काढून येत नाही :)

गाठी फायब्रॉइडच्या होत्या, त्यांत कॅन्सर निघणं फार विरळ. आधी गोळ्या दिल्या, लोह दिलं. पाच महिने वाट पाहूनही रक्त थांबेना, हिमोग्लोबिन वर येईना. मग ऑपरेशन झालं, बीजकोश ठेवून. म्हणजे ऑपरेशन वाईट असं माझं म्हणणं मुळीच नाही. दोन मिनिटांत ठरवलेलं ऑपरेशन वाईट.

नंतरचं कोणी सांगत नाही, म्हणून लिहिते. पोट काही आठवडे फुगलेलं राहतं, साडी नीट बसत नाही. थोडा स्राव होतो. सहा-आठ आठवडे पाण्याचा हंडा, गॅसची टाकी, नातवंडं, काही उचलायचं नाही. (आमच्याकडे घरच्यांना हे पटवणं ऑपरेशनपेक्षा अवघड गेलं.) नवरा-बायकोचे संबंध साधारण सहा आठवड्यांनी, डॉक्टरांना विचारून. कधीकधी उगाच रडू येतं. ज्यांना मूल हवं होतं त्यांना तर येणारच. त्याला 'नाटकं' म्हणू नये.

आत्या तिसऱ्या आठवड्यात आरशासमोर बसून म्हणाली, "हायेच की मी!" पण महिनाभर तिने शेजारणींना मुतखड्याचं ऑपरेशन सांगितलं होतं.

तुमच्या आईला, मावशीला कोणी 'पिशवी काढा' म्हटलं तर सोबत जा आणि विचारा. नेमका आजार काय? औषधाने, किंवा नुसत्या गाठी काढून भागेल का? बीजकोश ठेवणार का? गर्भाशयाचं मुख ठेवणार असाल तर पुढे तपासण्या किती? आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या, पहिला कितीही ओळखीचा असला तरी.

असो. आजचा चहा गार झाला. पुढच्या शनिवारी पुन्हा कोड.